भोंगा वाजला का?

१

भोंगा वाजला तशी पायरीवर बसलेली सखुबाई दचकून उभी राहिली, आणि मग कानांवर हात ठेवून हळूच खाली बसली.

वाजवला होता कुंदन थेटेने. यंत्रघराच्या भिंतीवर चाचणीचं लाल बटण होतं, ते त्याने अंगठ्याने दाबून धरलं होतं. पेठ रोडवरच्या त्या सगळ्या आवारात, शीतगृहाच्या पत्र्यांवर, रिकाम्या क्रेटच्या थप्प्यांवर तो आवाज आदळत राहिला. रस्त्यापलीकडच्या काकडीच्या मांडवातून दोन बायका बाहेर येऊन बघू लागल्या.

"ऐकलंत ना मॅडम?" बटण सोडून कुंदन म्हणाला. "मेलेला माणूस उठेल असा आवाज आहे." बोलून गेल्यावर त्याचं लक्ष सखुबाईकडे गेलं आणि त्याने मान दुसरीकडे वळवली.

साधना गायधनीने ते बटण जवळ जाऊन पाहिलं. कॉलेज रोडवर तिचं दोन खोल्यांचं कार्यालय होतं. बंद पडलेल्या संगणकांतून लोकांचे हरवलेले फोटो, प्रबंध, कागदपत्रं काढून देणं हा तिचा धंदा. कधी पोलीसही बोलवत. या वेळी मात्र तिला बोलावलं होतं हिरवाई फुले-भाजी उत्पादक संस्थेचे अध्यक्ष भिमाजी आबा थेटे यांनी, आणि तेही स्वतः दारात येऊन. सत्तरी उलटलेला माणूस, धोतर-टोपी, हातात पिशवी. खुर्चीवर बसायला तयार नव्हता.

"बाई," आबा म्हणाले होते, "आमच्याकडं माणूस गेला. बहिरू गावित, यंत्र बघायचा. खंडेनवमीला. यंत्रघरात थंडीचा अमोनिया गॅस फुटला अन् त्यात गुदमरला. त्याची बायको मला एकच इचारती, भोंगा वाजला का नाय? माझा पुतण्या कुंदन म्हणतो वाजला. पण लिहिलेलं कुठं सापडंना. मला त्या बाईला खरं सांगायचं हाय. तेवढं तुम्ही काढून द्या."

आता पायरीपाशी उभं राहिल्यावर साधनाला कळलं की हा प्रश्न किती जड आहे. सखुबाई पेठपलीकडच्या पाड्यावरची. बहिरू माळकरी होता, गावच्या भजनी मंडळात टाळ धरायचा. भोंगा वाजला आणि तरी बहिरू पळाला नाही, एवढंच कुंदनने सांगितलं होतं. पुढचं गावाने आपल्या मनाने जोडलं. म्हणजे प्यायलेला असणार. माळ घालून प्यायला, म्हणजे सगळंच संपलं.

"मंडळाची माणसं आली ती," सखुबाई खाली बघत म्हणाली. "भिंतीवरचे टाळ काढून घेऊन गेली. माझी पोरं बघत व्हती. ताई, तो येणार नाय परत, ते मला ठावं हाय. पन तो प्यायला नव्हता. भोंगा वाजता तं तो पळता."

साधनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती कार्यालयाकडे वळली.

आतल्या छोट्या खोलीत टेबलाशेजारी सर्व्हर उभा होता. संस्थेचा सगळा कारभार त्यात. त्यात रोजच्या रोज भोंग्याचीही नोंद होत होती, आणि त्यातून नेमका खंडेनवमीचाच दिवस नाहीसा झाला होता. कुंदन म्हणाला, गॅसने डिस्क खराब झाली असेल. साधनाने डिस्क तपासली. डिस्क ठणठणीत होती.

"मग आता एकच जागा उरते," ती म्हणाली, आणि तिने सर्व्हरच्या मॅनेजमेंट कंट्रोलरचं पान उघडलं. शेखर खैरनारने, म्हणजे संस्थेच्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरने, सांगितलेला पासवर्ड तिने घातला.

पासवर्ड चुकीचा असल्याचं उत्तर आलं. शेखर तिच्या मागेच उभा होता. "आबांची शपथ," तो म्हणाला, "हाच होता. बदलला असेल तर मी नाही बदलला."

२

कंट्रोलर म्हणजे काय, हे आबांना समजावताना शेखरने जे सांगितलं तेच इथे सांगितलेलं बरं. सर्व्हरच्या पोटात आणखी एक चिमुकला संगणक असतो. सर्व्हर बंद असला तरी हा जागा असतो, प्लगला वीज आहे तोवर. त्याचा पासवर्ड वेगळा. तो ठाऊक असेल तर घरबसल्या सर्व्हर चालू करा, बंद करा, काय हवं ते करा. आणि सर्व्हर कधी बंद पडला, कधी उठला, याची नोंद तो स्वतःच्या पोटात ठेवतो. डिस्क पुसली तरी ती नोंद पुसली जात नाही.

"म्हणजे राखणदार," आबा म्हणाले होते.

आता त्या राखणदाराच्याच दाराला नवं कुलूप पडलं होतं. आणि जुनी किल्ली एकट्या शेखरकडे होती, त्यामुळे सगळ्यांची बोटं शेखरकडेच वळत होती.

शेखर सटाण्याकडचा, तिशीतला, बोलताना नखं कुरतडणारा. साधनाने त्याला चहाच्या टपरीवर नेलं.

"खंडेनवमीला कुठे होतास?"

"वणीला. गडावर. आईचा नवस होता, आदल्या दिवशीच गेलो. दसऱ्याला सकाळी परत आलो तर हे सगळं झालेलं. लगेच कंट्रोलरमध्ये जायला बघितलं. पासवर्ड लागेना."

"गडावरून फोनवर जाता आलं असतं तुला."

"आलं असतं." तो खोटं बोलला नाही, एवढं तिने मनात टिपून ठेवलं. "म्हणूनच तर सगळे माझ्याकडे बघतात. मी रागावलेलो पण होतो मॅडम, ते पण खरं. यंत्रघरातला गॅस ओळखणारा सेन्सर असो की चाचणीचं बटण, सगळ्या तारा आधी सर्व्हरकडे येतात. सर्व्हर हुकूम देतो, तेव्हा भोंगा वाजतो. मी कमिटीला म्हटलं होतं, बॅटरीवरचा वेगळा भोंगा घ्या. पुढच्या मीटिंगला बघू म्हणाले."

"समोरचं बटण चुकून कोणाच्या हातून दाबलं गेलं तर?"

"काही होत नाही. ती सोय मी काढून टाकली आहे. झाडूवालीचा धक्का लागून एकदा बंद पडला होता, तेव्हापासून. नुसतं दाबून तो बंद होत नाही. चांगलं दाबून धरावं लागतं, मुद्दाम."

चहा निवून गेला होता. शेखरने तो तसाच पिऊन टाकला.

"बहिरूदादा मला रोज भाकरीतली अर्धी द्यायचा," तो म्हणाला. "मी कशाला असं काही करीन?"

माणसं कशाला काय करतात हे साधनाला पुष्कळ ठाऊक होतं, म्हणून तिने त्यावर मान हलवली नाही. पण एक गोष्ट तिला खटकली. ज्याच्याकडे किल्ली आहे तो स्वतःचं कुलूप बदलून स्वतःवरच संशय कशाला ओढवून घेईल? आत जाऊन हवं ते पुसायचं आणि पासवर्ड होता तसाच ठेवायचा, कोणाला पत्ता लागला नसता.

३

छाया तांबे कार्यालय सांभाळायची. पंचवटीतून रोज स्कूटरवर येई. बोलकी बाई, पण त्या दिवसाविषयी विचारताच तिने आधी खिडकी लावून घेतली.

"शेखरनेच केलंय असं म्हणतात सगळे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला नाही वाटत, पण म्हणतात."

"खंडेनवमीला काय काय झालं ते सांगा मला."

"दरवर्षी होतं तेच. सकाळी पूजा. वजनकाटे, फवारणीचे पंप, ट्रॉल्या, सगळं धुऊन-पुसून मांडायचं. हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या माळा. आबा सकाळी लवकर येतात, माझ्याकडून किल्ल्या घेतात, आधी सगळं आपल्या हाताने पुसून ठेवतात. मग आम्ही जमतो. पूजा आबांच्याच हातची. मग पेढा घेऊन सगळे घरी. त्या दिवशी कामगारांना सुट्टी."

"बहिरूला?"

"त्याला कुठली? आत झेंडू भरलेला, दसऱ्याचा माल. थंडी बंद करता येत नाही ना." छायाने लावलेल्या खिडकीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "मी घरी पोचले आणि कुंदनसाहेबांचा फोन आला. बहिरू पडलाय. मी आणि आबा थेट दवाखान्यात गेलो. संध्याकाळपर्यंत तिथेच होतो आम्ही. कुंदनसाहेब इकडे थांबले, आवाराची व्यवस्था बघायला."

"भोंगा कोणी ऐकला?"

"कोणी सांगू शकत नाही. पलीकडच्या मळ्यात देवीसमोर लाऊडस्पीकर लागलेला होता दिवसभर. कुंदनसाहेब म्हणतात मी आलो तेव्हा वाजत होता, मीच बंद केला."

फोटो आहेत का, असं साधनाने विचारलं. हल्ली पूजा देवापर्यंत पोचली की नाही ते देव जाणे, पण ग्रुपवर पोचल्याशिवाय राहत नाही. छायाने फोन पुढे केला. सर्व्हरच्या पूजेचा फोटो स्वच्छ आला होता. सर्व्हरच्या कपाळावर कुंकवाचं बोट, वर अक्षता पसरलेल्या, झेंडूची जाड माळ अशी घातलेली की समोरचा दिवा आणि बटण सगळं झाकलेलं. पुढे ताम्हनात निरांजन, ज्योत सरळ उभी.

"मागच्या वर्षीचा पण आहे," छाया म्हणाली. त्यातही तेच होतं, फक्त माळ बारीक होती, बाजूला शेखर हात जोडून उभा होता आणि निरांजनाची ज्योत सर्व्हरच्या जाळीकडे आडवी झाली होती.

"एसी चालू होता का तेव्हा?"

"छे, पूजेच्या वेळी एसी दरवर्षी बंदच ठेवतो. नाहीतर निरांजन विझतं."

साधनाने दोन्ही फोटो मागून घेतले.

कुंदनने फार वेळ दिला नाही. आबांच्या थोरल्या भावाचा मुलगा, लहानपणी आईवडील गेलेले, आबांनीच वाढवलेला, शिकवलेला. शीतगृहाचा व्यवस्थापक. "शेखर विसरभोळा आहे," तो म्हणाला. "पासवर्ड विसरला असेल आणि आता कबूल करायला लाजतो. मला त्यातलं काही कळत नाही. मॅडम, जे झालं ते झालं. आबांची तब्येत नाजूक आहे. त्यांना या सगळ्यात फार गुंतवू नका."

आबा शेवटी भेटले, झेंडूच्या शेतात. दसरा होऊन गेल्यावर उरलेला झेंडू वाळत होता. ते वाकून कडेचं गवत उपटत होते.

"आबा, सर्व्हर काय काम करतो माहीत आहे ना?"

"हिशोब करतो. कोणाची फुलं आली, गाडी कुठं गेली." आबा हसले. "लय राबतो बिचारा. माणूस तरी झोपतो. त्या खोलीत कधीबी जा, आपला घुं घुं चालूच."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आबांनी तो खिशातून काढला, कडेचं बटण बोटाने दाबलं आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत पडदा काळा होईपर्यंत दाबून धरलं.

"नुसतं गप करता येतो की तो," साधना म्हणाली.

"मला हेच येतं. कुंदननं शिकवलंय. दाबून धरायचं, देवाचं नाव घ्यायचं, तेवढ्यात झोपतो." त्यांनी फोन कपाळाला लावून खिशात ठेवला. "बाई, कवा सांगाल? ती पोरगी रोज येऊन पायरीवर बसती. मला तिच्याम्होरं उभं राहवत नाय."

४

हरवलेला पासवर्ड परत मिळवायचे मार्ग फार नाहीत. सर्व्हरच्या पुढच्या बाजूला प्लास्टिकची एक पातळ पट्टी असते, ओढली की बाहेर येते. तिच्यावर कारखान्यातून आलेला पहिला पासवर्ड छापलेला असतो. साधनाने ती ओढली. पट्टीवर वाळलेल्या कुंकवाचा ठसा होता, बोटाचा. छापलेलं वाचता येत होतं. ते घालून पाहिलं, लागलं नाही. लागणारही नव्हतं, कारण शेखरने तो केव्हाच बदलला होता.

पण जिची बाहेर कडा तेवढी दिसते त्या पट्टीच्या आतल्या अंगाला कुंकू लागलं कसं? हात पूजा केलेल्या सर्व्हरला लागले, आणि त्याच हातांनी ही पट्टी बाहेर ओढली. म्हणजे पूजेनंतर कोणीतरी हाच पासवर्ड घालून पाहिला होता. कोणीतरी, ज्याला शेखरचा पासवर्ड ठाऊक नव्हता.

आता उरला शेवटचा मार्ग. सर्व्हर बंद करायचा, वायर काढायची, बाजूचं झाकण उघडायचं. आत मदरबोर्डवर नखाएवढा एक खटका असतो. तो सरकवला की कंट्रोलर पासवर्ड न विचारता आत घेतो. मग नवा पासवर्ड द्यायचा आणि खटका होता तिथे परत न्यायचा. यात जादू काही नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशाच चिकटवलेला असतो.

शेखरने टॉर्च धरला. साधनाने झाकण काढलं. आत पंख्यांच्या पात्यांवर झेंडूच्या बारीक पाकळ्या सुकून बसल्या होत्या.

"पंख्याने ओढल्या असतील जाळीतून," शेखर म्हणाला.

"हो. त्यावरून काही सिद्ध होत नाही." साधनाने खटका शोधला आणि तिचा हात थांबला. खटक्याशेजारी बोर्डावर कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा पडला होता.

तिने चिमट्याने तो उचलला, पुढच्या जाळीच्या एका भोकावर धरला. मग दुसऱ्या. मग मागच्या जाळीवर. दाणा कुठल्याच भोकातून आत जात नव्हता.

शेखर कपाळावरचा घाम पुसत बघत होता. "म्हणजे झाकण..."

"पूजेनंतर उघडलं गेलं. वर अक्षता पसरलेल्या होत्या, झाकण काढताना एक आत घरंगळली. आणि तू गडावर होतास. तू इथे असतास तरी तुला झाकण उघडायची गरज नव्हती, तुझ्याकडे पासवर्ड होता."

शेखर मटकन खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. साधनाने त्याला रडू दिलं.

मग तिने खटका सरकवला, सर्व्हर चालू केला आणि कंट्रोलरच्या आत शिरली. राखणदाराच्या पोटात खंडेनवमीच्या दुपारची एकच नोंद होती: सर्व जुन्या नोंदी पुसल्या.

त्या वेळी आबा आणि छाया दवाखान्यात होते. आवारात एकटा कुंदन होता. इथवर सगळं सरळ होतं. पण कुंदनने पुसलं ते काय? भोंगा वाजला असेल तर ती नोंद त्याच्या बाजूची होती. ती तर त्याने जपून ठेवायला हवी होती.

साधनाने फोन काढला आणि ते दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पाहता पाहता तिच्या लक्षात आलं आणि तिने फोन पालथा ठेवला. काम अर्धवट टाकून घरी जावं असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना त्या छोट्या खोलीत बोलावलं. आबा, कुंदन, छाया, शेखर. सखुबाई आत यायला तयार नव्हती, ती उंबऱ्यात बसली. साधनाने एसी बंद केला. सर्व्हरचा आवाज तेवढा राहिला.

तिने आधी पट्टीवरचं कुंकू दाखवलं, मग तांदळाचा दाणा, मग ती एकुलती एक नोंद. कुंदनचा चेहरा उतरत गेला. आबांनी पुतण्याकडे पाहिलं.

"कुंदन?"

"मी पुसलं," कुंदन म्हणाला. "नोंदी पण आणि पासवर्ड पण. मोबाइलवर व्हिडिओ बघून. कारण..." तो थांबला. "कारण सर्व्हर बंद होता. मी बंद केला होता. भोंगा वाजला नाही. चूक माझी आहे, जे करायचं ते माझं करा."

उंबऱ्यातून एक हुंदका आला. एवढा वेळ जिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं ती सखुबाई पदर तोंडात कोंबून रडत होती.

"कसा बंद केलात?" साधनाने विचारलं.

"कसा म्हणजे? पूजेआधी समोरचं बटण दाबलं. झाला बंद."

"नुसतं दाबलं?"

"हो. टक्‌ करून."

शेखरने मान वर केली. साधनाने त्याला खुणेने गप्प केलं. तिला आता पुढे बोलायचं नव्हतं, पण बोलल्यावाचून सखुबाईचं उत्तर पुरं होत नव्हतं.

तिने पिशवीतून निरांजन काढलं, फुलवात तुपात भिजवून पेटवली आणि ते सर्व्हरच्या जाळीसमोर ठेवलं. ज्योत लगेच जाळीकडे वाकली. आतले पंखे हवा ओढत होते, ज्योत त्यांच्यामागे ओढली जात होती.

"मागच्या वर्षीच्या फोटोत ज्योत अशी आहे. या वर्षीच्या फोटोत सरळ आहे. म्हणजे पूजा चालू असतानाच सर्व्हर बंद होता. शेखर, बंद कर."

शेखरने समोरचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग त्याने ते दाबून धरलं. बराच वेळ. पंखे थांबले, खोलीत एकदम शांतता झाली, आणि ज्योत सावकाश सरळ उभी राहिली.

"छायाताई, यंत्रघरातलं लाल बटण दाबता?"

छाया गेली. सगळे ऐकत राहिले. बाहेर कुठेतरी टेम्पो गेला. मळ्यात कोणीतरी कोणाला हाक मारली.

"दाबलंय हो!" छायाचा आवाज आला. "दाबूनच धरलंय!"

भोंगा वाजला नाही.

आबा त्या ज्योतीकडे बघत होते. त्यांचा उजवा हात आपोआप वर आला होता, अंगठ्याशेजारचं बोट पुढे, जणू अजून काहीतरी दाबून धरलं आहे.

"हा हिशोबाचं यंत्र हाय ना?" त्यांनी विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता. "कुंदन, याच्यात भोंग्याची नुसती नोंद ना? वाजवतो बी हाच?"

"आबा, तुम्ही घरी चला," कुंदन म्हणाला. "मीच केलं. मी सांगतोय ना."

"तू नाय." आबांनी टोपी काढली. "सकाळी पुसायला मी आलतो. एकटा. माझ्या बापानं खंडेनवमीला औत जुंपलं नाय कधी. इळा, कोयता, खुरपं, समद्याला त्या दिवशी इसावा. म्हटलं हा वर्सभर राबतो, यालाबी एक दिवस द्यावा. दाबून धरलं. देवाचं नाव घेतलं. झोपला." ते भिंतीला टेकले. "मीच झोपवला त्याला."

"मला दुपारी आल्यावर कळलं," कुंदन रडत म्हणाला. "बहिरू यंत्रघरात पडलेला, भोंगा गप्प. बघतो तर सर्व्हर बंद, वर तुमची माळ. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही जगला नसता. मी तेवढंच म्हटलं की भोंगा वाजला. तो प्यायला होता असं मी नाही म्हटलं. कधीच नाही."

"म्हटलं नाहीस," साधना म्हणाली. "पण लोक म्हणत होते तेव्हा गप्प बसलास." तिला त्याची दया येत होती आणि रागही येत होता, दोन्ही सारखेच. लहानपणी ज्याने पोटाशी धरलं त्याला वाचवायला त्याने एका मेलेल्या माणसाची माळ तोडली होती.

आबा उंबऱ्यापाशी गेले. सखुबाईने तोंडातला पदर काढून त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी बोलायला तोंड उघडलं, पण तिने हात वर करून थांबवलं.

"हितं नको," ती म्हणाली. "हितं मला एकटीला सांगून काय? पाड्यावर येऊन सांगा. टाळ घेऊन गेले त्यांच्याम्होरं."

६

पेठच्या पुढे रस्ता चढाला लागतो. गाडी कुंदनने चालवली. पोलीस ठाण्यात उद्या आबा आणि कुंदन दोघांनीही हजर व्हायचं ठरलं होतं, आज आधी इकडे. मागे आबा आणि सखुबाई, मध्ये साधना. नागलीची शेतं कापणीला आली होती.

पाड्यावरच्या मारुतीच्या देवळापुढे माणसं जमली. भजनी मंडळाचे बारकू बुवा पुढे बसले. आबांना बाज दिली, ते बसले नाहीत. टोपी हातात घेऊन उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. बटण दाबलं ते, पुतण्याने लपवलं ते. दोनदा थांबून त्यांनी पुन्हा सुरू केलं.

"भोंगा वाजला नाय," ते शेवटी म्हणाले. "बहिरू झोपला नव्हता. प्यायलेला नव्हता. त्याला कळलंच नाय. तो नेहमीसारखा यंत्र बघायला आत गेला."

बारकू बुवा उठले आणि देवळात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ते टाळ होते, लाल दोरी बांधलेले. त्यांनी ते सखुबाईच्या थोरल्या मुलीच्या हातात दिले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. मुलीने टाळ वाजू नयेत म्हणून एकमेकांवर घट्ट दाबून धरले होते.

आबा सखुबाईसमोर येऊन वाकले. त्यांना तिचे पाय धरायचे होते. ती दोन पावलं मागे सरली.

"नका, आबा. तुम्ही खरं सांगाया आले, ते मी इसरणार नाय." तिने मुलीला जवळ ओढलं. बोलू की नको असं तिचं झालं होतं. मग तिने आबांच्या डोळ्यांत बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"त्या दिसी काट्याला सुट्टी दिली, पंपाला दिली, त्या यंत्रालाबी दिली," ती म्हणाली. "माझ्या माणसालाबी द्यायची व्हती ना, आबा."